डबा होता तोवर गोळी होती

आमच्या गावच्या कॉलेजच्या मैदानावर दरवर्षी १ जानेवारीच्या पहाटे जत्रा भरते. कानटोप्या, मफलर, नवे कोरे पांढरे बूट, कोणाच्या हातात काठी तर कोणाच्या हातात मोबाइल. ओळखीचा माणूस मला पाहून लांबूनच हात वर करतो, "डॉक्टर, सुरू केलं बरं का!" संक्रांतीपर्यंत ही गर्दी निम्म्यावर येते. फेब्रुवारी लागला की उरतात ती दहा-बारा नेहमीची माणसे, जी डिसेंबरातही तिथेच होती. आपल्या जुन्या लोकांनी याला केव्हाच नाव देऊन ठेवले आहे, नव्याचे नऊ दिवस.

वाचकहो, या मंडळींना मी हसत नाही. मीही त्यांच्यातलाच एक होतो, ते पुढे सांगेनच. ही माणसे आळशीही नसतात. ज्या गृहिणीने तीस वर्षे पहाटे उठून घरच्यांचे डबे केले, तिला 'तुझ्या अंगी चिकाटी नाही' असे कोण म्हणेल? पण तीच गृहिणी चालण्याचा नेम आठ दिवसांत सोडते. तेव्हा दोष चिकाटीचा नसून पद्धतीचा असला पाहिजे. हा धडा मला एका गुरुजींमुळे मिळाला. त्याची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली.

गुरुजींची गोष्ट

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. फळ्यावरचे अक्षर असे की तालुक्याच्या कोणत्याही कार्यक्रमाचा फलक त्यांनीच लिहायचा. बावन्नाव्या वर्षी डोके दुखते म्हणून माझ्याकडे आले. बी.पी. १७०/१०४. आठवड्याने पुन्हा मोजले, तेव्हाही तेवढेच. मी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले. गुरुजी शिस्तीचे. महिन्याच्या महिन्याला येत, बी.पी. १३०/८० च्या आसपास असे. मी केसपेपरवर 'कंटिन्यू' लिहून सही करायचो. अशी सहा वर्षे गेली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी गुरुजी निवृत्त झाले. त्यानंतर त्यांचे येणे विरळ झाले. मला वाटले, आता मोकळे आहेत, मुलाकडे जात-येत असतील. एकदा बाजारात भेटले तेव्हा मी विचारले, "गोळी चालू आहे ना, गुरुजी?" ते म्हणाले, "हो, हो, चालू आहे." मी पुढे निघालो.

निवृत्तीनंतर दीड वर्षाने, मुलीचे लग्न आटोपल्याच्या चौथ्या दिवशी, पहाटे त्यांचा मुलगा दारात उभा. गुरुजींचे तोंड वाकडे झालेले, उजवा हात-पाय लुळा, बोलणे अडखळलेले. बी.पी. २१०/१२०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले, जीव वाचला. पण फळ्यावर मोत्यासारखे अक्षर काढणारा तो उजवा हात कायमचा कमजोर झाला.

पुढे त्यांना पाहायला घरी गेलो, तेव्हा काकूंना विचारले, "काकू, गोळी बंद कधी केली होती?" त्या म्हणाल्या, "बंद अशी केलीच नाही हो डॉक्टर. शाळा होती तेव्हा मी डब्याच्या पिशवीबरोबर गोळी हातात द्यायची. ती घेऊन, पाणी पिऊनच हे सायकलवर बसायचे. शाळा सुटली, डबा सुटला, आणि गोळीची आठवण कधी यायची, कधी नाही. लग्नाच्या गडबडीत तर महिनाभर कोणाला सुधरलंच नाही. डबा होता तोवर गोळी होती बघा."

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. सहा वर्षे मी त्या माणसाला 'रोज घ्या' असे सांगत आलो. रोज कधी घेता, कशाबरोबर घेता, कोण देते, हे एकदाही विचारले नव्हते. त्यांची सवय कशावर टांगलेली आहे हे मला ठाऊक असते, तर निवृत्तीच्या दिवशीच म्हटले असते, "गुरुजी, डबा गेला, आता गोळीला दुसरी जागा शोधू." एवढेच करायचे होते, ते राहून गेले.

सवय म्हणजे काय?

नवशिका माणूस स्कूटर चालवताना क्लच, गिअर, ब्रेक, आरसा या सगळ्यांकडे जीव मुठीत धरून पाहत असतो. वर्षभराने तोच माणूस मागे बायको, पुढे मूल आणि हँडलला भाजीची पिशवी घेऊन गप्पा मारत घरी पोहोचतो, आणि गिअर कधी बदलला ते त्याला आठवतही नाही. मेंदूत खोलवर पेशींचे काही पुंजके असतात, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. तीच कृती त्याच परिस्थितीत पुन्हा पुन्हा घडली की तिचा ताबा हळूहळू हे पुंजके घेतात. मग त्या कृतीसाठी विचार करावा लागत नाही, मनाची तयारी करावी लागत नाही. परिस्थिती समोर आली की हात आपोआप चालतो.

यात 'त्याच परिस्थितीत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सवय हवेत राहत नाही. तिला टांगायला खुंटी लागते. कधी ती वेळ असते, कधी जागा, कधी आधी घडणारे एखादे काम. गुरुजींच्या गोळीची खुंटी म्हणजे तो डबा. खुंटी निखळली आणि तिच्यावर टांगलेली गोळी खाली पडली.

औषधाच्या बाबतीत हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकाळच्या औषधोपचारांवर एक अहवाल काढला. श्रीमंत, शिकलेल्या देशांतसुद्धा जुनाट आजाराचे सुमारे निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात, असे त्यात म्हटले आहे. उरलेले निम्मे काही सगळेच बेफिकीर नसतात. त्यांतल्या कित्येकांना खुंटीच सापडलेली नसते.

एकवीस दिवसांचे खूळ

'एकवीस दिवस केले की सवय लागते' हे वाक्य आपण व्याख्यानांत, पुस्तकांत, मोबाइलवर सारखे ऐकतो. त्याचे मूळ मोठे गमतीचे आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान तीन आठवडे लागतात, असे त्यांच्या पाहण्यात आले आणि १९६० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते लिहिले. पुढे सांगणाऱ्यांनी 'निदान' हा शब्द गाळला, चेहरा गाळला, आणि एकवीस दिवसांचा मंत्र तयार झाला.

प्रत्यक्ष मोजणी झाली ती लंडनमध्ये. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एकच नवी गोष्ट निवडायला सांगितली. जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे, थोडे पळणे, असे काहीही. अट एकच, ती रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची. १२ आठवडे नोंदी ठेवल्या. २०१० साली छापलेल्या या अभ्यासात सवय पक्की व्हायला मधला आकडा आला ६६ दिवसांचा. पण माणसामाणसांत केवढा फरक! कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला गणिताने काढलेल्या अंदाजाप्रमाणे २५४ दिवस लागले असते. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची त्याहून बरीच उशिरा. काहींना तर तेवढ्या मुदतीत जमलेच नाही.

तेव्हा बाविसाव्या दिवशी सकाळी उठायचा कंटाळा आला, तर 'माझ्यात काही दम नाही' असे समजू नका. तुमची वाट अजून अर्धीही झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. बी.पी.च्या गोळीला दोन महिने आणि चालण्याला तीन-चार महिने धरून चला. पहिले काही आठवडे सर्वांत जड असतात, पुढे ओझे हलके होत जाते.

आधी खुंटी शोधा

मी आता कोणालाही 'रोज घ्या' किंवा 'रोज करा' म्हणून सोडून देत नाही. विचारतो, "तुमच्या दिवसात अशी कोणती गोष्ट आहे, जी मयतीच्या दिवशीही चुकत नाही?" लोक आधी गोंधळतात, मग हसतात, मग उत्तर देतात. कोणी म्हणते सकाळचा पहिला चहा. शेतकरी म्हणतो, म्हशीची धार. दुकानदार म्हणतो, शटर वर केले की उदबत्ती. कोणी तुळशीला पाणी सांगते, कोणी रात्री दाराला कडी घालणे. सापडली खुंटी! मग मी वाक्य पुरे करून घेतो आणि कागदावर लिहून देतो, 'चहाचा कप खाली ठेवला की गोळी तोंडात', 'धार काढून बादली ठेवली की गोळी'.

या 'अमुक झाले की तमुक' पद्धतीवर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने पुष्कळ काम केले आहे. १९९९ सालच्या त्यांच्या लेखात त्यांनी दाखवले की 'मी हे करणार' अशा नुसत्या निश्चयापेक्षा केव्हा, कुठे आणि कसे हे ठरवून ठेवलेला निश्चय पार पडण्याची शक्यता बरीच अधिक असते.

खुंटी निवडताना तीन गोष्टी पाहा. ती रोज घडणारी हवी. टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळेला गोळी बांधलीत, तर रविवारी मालिका नाही आणि गोळीही नाही. ती घडून संपणारी, नेमकी ओळखता येणारी हवी. 'सकाळी केव्हातरी', 'वेळ मिळाला की' या खुंट्या नव्हेत. आणि ती शक्यतो स्वतःच्या हातातली हवी. गुरुजींची खुंटी काकूंच्या हातात होती. घरच्यांनी आठवण जरूर करावी, पण सगळी भिस्त त्यांच्यावर नको. सूनबाई माहेरी गेली म्हणून सासऱ्यांचे बी.पी. वाढले, असे मी अनेकदा पाहिले आहे.

मोबाइलचा गजर सुरुवातीला मदत करतो. पण तो वाजतो तेव्हा आपण आंघोळीला असतो किंवा गिऱ्हाइकाशी बोलत असतो. आठ दिवसांनी अंगठा गजर बंद करायला शिकतो, गोळी घ्यायला नाही.

येथे एक प्रश्न हमखास येतो, बी.पी.ची गोळी सकाळी चांगली की रात्री? ब्रिटनमध्ये या प्रश्नावर २१,१०४ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणजे जी वेळ तुमच्या ध्यानात राहते ती चांगली. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मात्र बहुधा सकाळी देतात, नाहीतर रात्रभर उठावे लागते. तेव्हा वेळ बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

लहान, अगदी हसू येईल इतके लहान

आता माझी गोष्ट. एक्कावन्नाव्या वर्षी माझी स्वतःची उपाशीपोटी साखर १३८ आली. दुसऱ्यांदा तपासली, १३४. लोकांना वीस वर्षे 'चाला' म्हणून सांगणारा मी दवाखाना ते घर हे अंतरही स्कूटरवर जात होतो. लाज वाटली. दोन हजारांचे बूट आणले आणि १ जानेवारीला पाच किलोमीटर चाललो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या, तरी चाललो. अकराव्या दिवशी रात्री दोन वाजता एक बाळंतीण अडली म्हणून उठावे लागले आणि सकाळी झोप लागली. बाराव्या दिवशी पाऊल उचलेना. मार्चमध्ये ते बूट माळ्यावर गेले.

गुरुजींच्या घरून आल्यावर मी स्वतःलाही तोच प्रश्न विचारला, माझी खुंटी कोणती? उत्तर तुमच्या हातात आहे. वर्तमानपत्र! ते वाचल्याशिवाय माझा चहा गोड लागत नाही. मी पेपर टाकणाऱ्या मुलाला सांगितले, "उद्यापासून टाकू नकोस, मी स्टँडवरून आणीन." एस.टी. स्टँडवरचा स्टॉल आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. जाऊन-येऊन वीस मिनिटे. बूट नाहीत, चपला घालूनच. पाच किलोमीटरपुढे हे म्हणजे पोरखेळ. आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढ्याने काय होणार?" खरेच, साखरेत लगेच फरक पडला नाही. पण सकाळी उठून बाहेर पडायचे ही गोष्ट पक्की झाली. तीन महिन्यांनी मी येताना तळ्याच्या बाजूने वळसा घेऊ लागलो. आता पस्तीस-चाळीस मिनिटे होतात. बूटही माळ्यावरून खाली आले.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झपाझप चालणे. ते आपले मुक्कामाचे गाव. पण पहिल्या दिवशी दाराबाहेर पडणे एवढेच काम समजा. सुरुवातीला कृतीचा आकार महत्त्वाचा नसतो, तिची आवृत्ती महत्त्वाची असते. पाच मिनिटांचे काम थकलेला माणूसही करतो. एका तासाचे काम पहिल्याच लग्नसराईत मोडते.

एका वेळी एकच गोष्ट धरा, हेही सांगून ठेवतो. चालणे, साखर बंद, लवकर उठणे, प्राणायाम आणि तंबाखू सोडणे हे सगळे एका सोमवारी सुरू करणारे लोक पुढच्या सोमवारी सगळे एकदम सोडतात.

खाडा पडला तर?

आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असते. त्यावर घरची बाई दुधाचे खाडे मांडते. दूधवाला एक दिवस आला नाही, तर आपण काय करतो? त्या तारखेभोवती गोल करतो आणि दुसऱ्या दिवशी पातेले घेऊन दारात उभे राहतो. 'एक दिवस खाडा पडला, आता या घरात दूधच नको' असे कोणी म्हणत नाही.

स्वतःच्या नेमाबाबत मात्र आपण नेमके तसेच म्हणतो. एक दिवस चालणे चुकले की 'मोडला नेम', मग 'आता पुढच्या एक तारखेपासून', मग 'पाडव्यापासून'. लंडनच्या त्या अभ्यासात एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. खरा धोका असतो तो त्या एका दिवसानंतर मनात येणाऱ्या विचाराचा. म्हणून मी रुग्णांना एक साधा नियम देतो. एक खाडा माफ, सलग दोन नाहीत. गोळीच्या बाबतीत जाणूनबुजून एकही खाडा नको. चुकून राहिली, तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच घ्या. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

खाडे कधी पडतात तेही ठरलेलेच आहे. लग्नकार्य, प्रवास, पाहुणे, आजारपण, सुतक, शेतीची सुगी आणि पाऊस. ही संकटे अचानक येत नाहीत, तेव्हा उत्तर आधी ठरवावे. प्रवासाच्या पिशवीत कायमची एक गोळ्यांची पट्टी ठेवावी. पावसात मैदानाऐवजी ओसरीवर किंवा गच्चीच्या जिन्यावर दहा मिनिटे पुरेत. वारीला जाताना तुळशीमाळेबरोबर गोळ्यांची डबीही गळ्यातल्या पिशवीत असू द्यावी.

आणि ज्या दिवशी आयुष्याची घडीच बदलते, त्या दिवशी जास्त सावध राहा. निवृत्ती, बदली, नवे घर, घरातल्या कोणाचा मृत्यू, मुलाकडे शहरात राहायला जाणे, या प्रत्येक वेळी जुन्या खुंट्या निखळतात. त्या आठवड्यात स्वतःला विचारा, माझी गोळी आता कशावर टांगलेली आहे?

व्रत आणि सवय

आपल्याकडे नेम धरण्याची परंपरा मोठी आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी, सोळा सोमवार करणारी माणसे मनाची पक्की असतात, हे मी जवळून पाहतो. पण व्रताला उद्यापन असते, सवयीला नसते. आपले लोक नकळत औषधालाही उद्यापन करतात. "डॉक्टर, बी.पी. नॉर्मल आलं, म्हणून गोळी थांबवली." पावसात छत्रीखाली उभा असलेला माणूस म्हणतो, 'मी तर कोरडा आहे, आता छत्री कशाला?' त्यातलाच हा प्रकार. बी.पी. नॉर्मल आहे ते गोळी चालू आहे म्हणून. काही गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर बी.पी. उलट जोराने उसळते. वजन बरेच उतरले, मीठ कमी केले, चालणे वाढले, तर गोळीचा डोस कमी होऊ शकतो, पण तो डॉक्टरांनी मोजमाप करून. बी.पी. वाढल्याचे शरीर बहुधा काही सांगत नाही, म्हणून 'मला काही त्रास नाही' हे कारण धरू नये. पैशांची अडचण असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बी.पी. मोजणे आणि नेहमीच्या गोळ्या विनामूल्य मिळतात, तिथे जाण्यात कमीपणा नाही.

जुनी खोड मोडायची असेल तर

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण मला फारशी पटत नाही. खोडीलाही खुंटीच असते. तंबाखू मळणाऱ्याला विचारा, तल्लफ कधी येते? जेवण झाल्यावर, पारावर बसल्यावर, अमक्या मित्राची गाठ पडल्यावर. मिशरी लावणाऱ्या बायकांना सकाळी उठल्या उठल्या आणि शौचाला जाण्याआधी. नुसते 'सोडा' म्हणून ती खुंटी रिकामी राहत नाही. तिथे दुसरे काहीतरी टांगावे लागते. जेवणानंतर बडीशेप किंवा लवंग, सकाळी कोमट पाणी आणि ब्रश. चंची खिशात ठेवून निश्चय करू नये, ती घराबाहेर काढावी. पहिला आठवडा फार कठीण जातो, चिडचिड होते, झोप उडते. पण तल्लफेची एकेक लाट काही मिनिटांची असते, ती निघून जाते, आणि तीन-चार आठवड्यांत शरीराची मागणी बरीच ओसरते. एकट्याने जमत नसेल, तर सरकारची विनामूल्य मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे, आणि डॉक्टरांकडे औषधेही आहेत.

या आठवड्यात एवढे करा

हा लेख वाचून झाला की एक चिठ्ठी घ्या. तिच्यावर एकच ओळ लिहा, 'अमुक झाले की मी तमुक करीन.' अमुक म्हणजे तुमची न चुकणारी गोष्ट, तमुक म्हणजे पाच मिनिटांत होणारे काम. वस्तू खुंटीजवळच ठेवा. चहाच्या डब्याशेजारी गोळ्या ठेवा, पण लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर. चालायचे असेल तर चपला दारातच. मीठ कमी करायचे असेल तर लोणचे-पापड आणि मिठाची वाटी ताटाजवळून उचला. पदार्थातले मीठही हळूहळू उतरवा, काही आठवड्यांत जिभेला ते पुरते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळे मिळून चहाच्या एका सपाट चमच्याहूनही कमी मीठ असावे. गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने वार लिहून टाका, म्हणजे 'आज घेतली की नाही' हा वाद उरत नाही. आणि कॅलेंडरवर फक्त खाडे मांडा.

घरच्या मंडळींना एक विनंती. विचारा, पण टोचून बोलू नका. 'बाबा, गोळी झाली का?' हे प्रेम आहे. 'तुम्हाला किती वेळा सांगायचं?' याने माणूस गोळी न घेताच 'हो' म्हणायला शिकतो. बाजारात मला गुरुजी 'हो, हो' म्हणाले होते, तेही कदाचित डॉक्टर रागावतील म्हणूनच असेल.

गेल्या महिन्यात गुरुजींकडे गेलो होतो. आता काठी घेऊन अंगणात फिरतात, बोलणे बरेच स्पष्ट झाले आहे. त्यांची गोळी आता देवासमोरच्या दिव्यावर टांगलेली आहे. सकाळी दिवा लावला की तिथेच तांब्यातले पाणी आणि गोळी. दिवा ते स्वतः लावतात. शेजारच्या कॅलेंडरवर ते डाव्या हाताने खाडे मांडतात. अक्षर वाकडे येते म्हणून आधी लाजत असत. त्या महिन्यात दोन तारखांना गोल होते. मी त्यांकडे पाहतोय हे लक्षात येताच गुरुजी हसून म्हणाले,

"डॉक्टर, पुन्हा बघा. सलग नाहीत."